कार्बोरेटरवाली मारुती ८०० : प्लग आणि प्लग वायरी कुठल्या घ्याव्यात?

माणदेशी_८००
घरी १९९२ ची मारुती ८०० आहे. कार्बोरेटरवाली, एमएच ११ पासिंग, वडिलांनी नवीकोरी घेतलेली. वर्षाला जेमतेम दोन-अडीच हजार किलोमीटर होतात. पण विकायची नाहीये, तेव्हा 'विकून टाका' हा सल्ला कृपया नको.

पावसाळा लागल्यापासून गाडी मिसिंग मारतेय. सपाटीला कळतही नाही. पुण्याहून परत येताना खंबाटकी लागला आणि अ‍ॅक्सिलेटर जरा दाबला की झटके सुरू. पेट्रोल फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून साफ करून घेतला, फरक शून्य. आता प्लग आणि प्लग वायरी बदलायचं ठरवलंय, तर तिथे प्रत्येकाचं वेगळंच.

गाडीत पहिल्यापासून एनजीकेचा बीपीआर५ईएस बसतो. दुकानदाराने बीपीआर६ईएस पुढे केला, म्हणाला एका नंबरने काय होतंय. मिस्त्री म्हणतो इरिडियम टाका, अ‍ॅव्हरेज वाढेल, आणि सोबत त्या लाल जाड 'रेसिंग'च्या वायरी घ्या. मेहुणा म्हणतो बॉशचे घे.

नंबरने खरंच फरक पडतो का? तीस वर्षं जुन्या इंजिनात इरिडियम टाकण्यात अर्थ आहे का? आणि वायरी साध्या घ्याव्यात की त्या लाल?

निवांत_नाना
विकून टाका.

माणदेशी_८००
नाना, कोपरापासून नमस्कार.

घाटरस्ता
नंबरने फरक पडतो, आणि मेहुण्याचं ऐकणार असाल तर जास्तच जपून.

हा नंबर म्हणजे प्लगची हीट रेंज. प्लगच्या टोकाला बसलेली उष्णता इंजिनच्या हेडमध्ये किती झपाट्याने उतरते ते त्यावरून कळतं. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलेलं असलं की त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. ८५० च्या आसपास गेलं की टोकच निखाऱ्यासारखं लाल होऊन स्पार्कच्या आधीच पेट्रोल पेटवायला लागतं. प्लग या दोन्हींच्या मध्ये राहिला पाहिजे.

आता गंमत. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये उलटं, आकडा वाढला की प्लग गरम. म्हणजे तुमच्या बीपीआर५ईएसच्या जोडीचा बॉश डब्ल्यूआर८डीसी, आणि बीपीआर६ईएसच्या जोडीचा डब्ल्यूआर७डीसी. चॅम्पियनचंही बॉशसारखंच. दुकानात '५ नाही, ७ आहे, वरचा आहे, चांगला आहे' असं कोणी म्हणालं तर हात जोडून बाहेर या.

शंकासूर
मी माझ्या ८०० मध्ये कित्येक वर्षं सहा नंबरच वापरला. काही झालं नाही. उगाच बाऊ.

घाटरस्ता
@शंकासूर, गाडी कुठे चालायची?

शंकासूर
रोज पुणे-मुंबई हायवे.

घाटरस्ता
मग चालणारच की. रोज तासन्‌तास ऐंशीने पळणारी गाडी एक नंबर थंड प्लगही तापवून साफ ठेवते. माणदेशी यांची गाडी आठवड्यातून एकदा भाजी आणायला निघते. तिथे थंड प्लग चोकच्या धुरातच काळा होऊन बसेल.

लुनाटिक
प्लग काळा पडणे म्हणजे काय ते आमच्या पिढीला विचारा. येझदी, राजदूत, चेतक, लुना, सगळ्या टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल जरा सढळ हाताने पडलं की भर चौकात गाडी बंद. डिकीत प्लग पाना, पॉलिश पेपर आणि एक जादा प्लग नसेल तर त्या माणसाला गाडीवाला म्हणत नसत. कॉलेजच्या गेटवर प्लग घासत बसलेला मुलगा म्हणजे हमखास येझदीवाला.

पेठेतली_मुलगी
@लुनाटिक, आणि तो प्लग घासत असेपर्यंत मागे बसणारी स्कूटीवर बसून निघून गेलेली असायची.

लुनाटिक
जुन्या जखमेवर पॉलिश पेपर घासू नका.

सातपूरकर
मेहुण्याला सांगा की बॉश म्हणजेच आपलं जुनं मायको. मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ साली बंगळुरात सुरू झाली, २००८ मध्ये नाव बॉश लिमिटेड झालं. जुने मिस्त्री आजही 'मायकोचा प्लग' असंच मागतात. आमच्या नाशकातही त्यांचा कारखाना आहे, पण तिथे डिझेल इंजिनांचं इंजेक्टर-नोझलचं काम. प्लगशी संबंध नाही. मायको सर्कलला उभं राहून 'इथे प्लग बनतात' म्हणून पाहुण्यांना सांगणारे काका माझ्या ओळखीचे आहेत.

भाऊ_मिस्त्री
चर्चा चांगली चालली आहे, पण मूळ गाडीकडे कोणी बघितलंच नाही. माणदेशी साहेब, नवीन काही घेण्याआधी जुने तिन्ही प्लग काढा आणि कुठला कितव्या सिलिंडरचा ते लक्षात ठेवून शेजारी शेजारी मांडा. इंजिन गार असताना काढा, हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर केला की आटे जातात. रंग कळवा.

ओहमचा_नियम
भाऊंना +१. आणि मल्टिमीटर असेल तर प्लग वायरींचा रोध मोजून इथे टाका. डेल्कोची (डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकेका प्लगला पाळीने स्पार्क वाटणारा भाग) कॅप काढून आतूनही बघा.

शंकासूर
रंग वगैरे सगळं जुन्या काळचं. आता ई२० पेट्रोल आहे, मिश्रणच बदललंय, रंगावरून काही कळत नाही.

भाऊ_मिस्त्री
@शंकासूर, थोडं बरोबर आहे. इथेनॉलवाल्या पेट्रोलला हवा कमी लागते. जुन्या कार्बोरेटरचे जेट बदललेले नसतात, त्यामुळे मिश्रण पातळ होतं आणि प्लग आधीपेक्षा फिकट दिसतात. पण तिन्ही प्लग सारखेच फिकट दिसतील ना! मी एकट्या प्लगचा रंग बघत नाही, तिघांतला फरक बघतो.

काळीपिवळी
भाऊंचं वाक्य कोरून ठेवा.

आमच्या घरात दोन पिढ्या पद्मिनी टॅक्सी चालली, त्यावरून सांगतो. मुंबईच्या पावसात पद्मिनी बंद पडली की वडील प्लगकडे बघतही नसत. आधी बॉनेट उघडून डेल्कोची कॅप पुसायचे, मग मधली मोठी वायर, मग प्लगच्या वायरी. दहातल्या आठ वेळा गाडी तेवढ्यावर चालू.

घरी करून बघायची चाचणी : रात्री अंधारात गाडी उभी करा, आजूबाजूचे दिवे बंद. इंजिन चालू ठेवून बॉनेट उघडा आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतात त्या फवाऱ्याने वायरींवर पाण्याचा हलका शिडकावा करा. वायरीचं कव्हर चिरलं असेल तर निळ्या ठिणग्या हेडवर, ब्रॅकेटवर नाचताना दिसतील. दूर उभं राहून बघा, हात आत घालू नका, आणि फॅनच्या पट्ट्यात लुंगी-ओढणी अडकू देऊ नका.

अवांतर : शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात तो अध्याय संपला. वडिलांनी त्या दिवशी टीव्ही लावू दिला नाही.

पेठेतली_मुलगी
काळीपिवळी, शेवटच्या ओळीला काय बोलावं कळेना.

माझ्याकडे १९९६ ची ८०० आहे, सगळं काम स्वतः करते, म्हणून दोन गोष्टी. वायरी तिन्ही एकदम काढू नका. एक काढायची, तिच्याच लांबीची नवी लावायची, मग पुढची. तीन सिलिंडरला स्पार्कचा क्रम १-३-२ आहे. दोन वायरींची अदलाबदल झाली की गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडते आणि आख्खी सोसायटी गॅलरीत येते.

दुसरं, वायर ओढताना टोकाची रबरी टोपी धरून, जरा पिळून काढा. वायरीला धरून ओढलं की आतला कार्बनचा धागा तुटतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते आणि तुम्ही महिनाभर कार्बोरेटरला शिव्या घालता.

म्हापशेकार
आमच्या गोंयात वायरीपेक्षा तिची टोकं आधी जातात. खाऱ्या हवेने टोपीच्या आतल्या पितळी क्लिपवर हिरवी पूड धरते. टोपी उलटून आत टॉर्च मारून बघा. बसवताना टोपीच्या आतल्या रबराला बोटभर डायइलेक्ट्रिक ग्रीस लावलं की पावसाळाभर पाणी शिरत नाही. ग्रीस रबराला लावायचं, धातूच्या टोकाला थापायचं नाही.

माणदेशी_८००
सगळ्यांचे आभार, एवढा प्रतिसाद अपेक्षित नव्हता. आज रविवार सत्कारणी लावला.

प्लग : १ आणि ३ नंबर फिकट चॉकलेटी, कोरडे. २ नंबर कोळशासारखा काळा, कोरडी काजळी, बोटाला लागते. तेलकट नाही.

डेल्कोत पॉइंट-कंडेन्सरच (स्पार्कसाठी करंट जोडणारी-तोडणारी जुनी जोडी) आहेत. कॅपच्या आत दोन पितळी टोकांच्या मधे पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ आहे. फडक्याने पुसली जात नाही.

वायरींचा रोध : १ नंबर ७ किलोओहम, ३ नंबर ६ च्या आसपास. २ नंबर आधी ४० दाखवते, जरा वाकवली की आकडा पळतो आणि मीटर 'उघडं' दाखवतो. मधली मोठी वायर ५.

अंधारात फवारा मारायला घेतला तर आई म्हणाली, गाडीला आंघोळ घालायची ही वेळ आहे का. तरी मारला. ठिणग्या दिसल्या, दोन नंबरच्याच वायरीला, मधल्या ब्रॅकेटपाशी.

भाऊ_मिस्त्री
झालं निदान. नंबर चुकीचा असता किंवा कार्बोरेटर पेट्रोल जास्त देत असता तर तिन्ही प्लग काळे झाले असते. एकटा दोन नंबर काळा आणि कोरडा, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पोचतंय पण पेटत नाहीये. तेलकट ओला असता तर मी व्हॉल्व्ह सील नाहीतर रिंगांवर गेलो असतो.

कॅपमधली ती रेघ म्हणजे करंटने स्वतःसाठी पाडलेली वाट. दमट हवेत स्पार्क त्या वाटेने पळतो. घासून काही दिवस चालेल, परत येईल. कॅप आणि रोटर (कॅपखाली फिरणारा तुकडा) दोन्ही बदला.

ओहमचा_नियम
या वायरींना मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम रोध असतो आणि तो मुद्दाम ठेवलेला असतो. तुमच्या १ आणि ३ ठणठणीत आहेत. २ आतून तुटली आहे. तरी सेटच बदला, तिघींचं वय सारखंच आहे.

आता त्या लाल वायरींबद्दल. 'आत तांब्याची तार, रोध शून्य, म्हणून स्पार्क जोरदार' असं विकतात. पण ठिणगी पडण्याच्या क्षणापर्यंत वायरीतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे पाच-दहा किलोओहमने प्लगपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडत नाही. रोध ठेवलेला असतो तो रेडिओतली खरखर मारायला. प्लगच्या नंबरातला 'आर' पण तेच सांगतो : आत सुमारे ५ किलोओहमचा रेझिस्टर आहे. तांब्याच्या वायरी आणि बिनआरचा प्लग एकत्र लावले तर इंजिनाचा प्रत्येक स्पार्क रेडिओवर ऐकू येईल.

माणदेशी_८००
वडील गाडीत सांगली आकाशवाणी लावतात, मिडियम वेव्हवर. म्हणजे लाल वायरी बाद.

ओहमचा_नियम
शंभर टक्के बाद. मिडियम वेव्हवरच ती खरखर सगळ्यात जास्त येते.
लाल रंगाला हरकत नाही बरं का, रंगाचा आणि गुणाचा संबंध नाही. कव्हर सिलिकॉनचं आहे का ते बघा, ते उष्णतेला जास्त टिकतं. आत कार्बनचा किंवा रोध असलेला गाभा हवा. लांबी मूळ वायरीइतकीच, नाहीतर लोंबून एक्झॉस्टला चिकटते.

शंकासूर
आणि इरिडियमचं काय? तो मुद्दा राहिलाच. माझ्या मते टाकावा. एकदाच पैसे घाला, लाखभर किलोमीटर बघायला नको.

पेठेतली_मुलगी
@शंकासूर, वर्षाला अडीच हजारच्या हिशेबाने लाखभर किलोमीटर म्हणजे चाळीस वर्षं. प्लग गाडीपेक्षा, आपल्यापेक्षा आणि बहुधा पेट्रोलपेक्षाही जास्त जगेल.

शंकासूर
हसून हसून पुरेवाट. मान्य. पण स्टार्टिंगला फरक पडतो, मी अनुभवलंय.

घाटरस्ता
पडतो, आणि कारण आहे. इरिडियमचं टोक अर्धा मिलिमीटर, अगदी सुईसारखं बारीक असतं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर ठिणगी उडी मारते. साध्या प्लगचं टोक निकेलच्या मिश्रधातूचं, आत तांबं. निकेल १४५५ अंशांना वितळतं, इरिडियम जवळपास २४५० ला. म्हणूनच इरिडियम इतकं बारीक करता येतं, निकेलचं केलं तर झिजून जाईल. कमजोर कॉइल, गार सकाळ, अशा वेळी ते जाणवतं.

पण अ‍ॅव्हरेज वाढतो हे विकायचं वाक्य आहे. चांगल्या स्थितीतला साधा प्लग जे पेट्रोल पेटवतो तेच इरिडियम पेटवतो. आणि माणदेशींच्या गाडीत दोन नंबरची वायरच तुटली आहे. नळ महागाचा लावून गळकी पाइप बंद होत नाही.

निवांत_नाना
आता मात्र विकू नका, उत्सुकता लागली आहे.

काळीपिवळी
खरेदीबद्दल एक. जुन्या गाडीचे म्हणून कुठल्यातरी कोपऱ्यातल्या टपरीवरून प्लग घेऊ नका, नकली मालाचा सुळसुळाट आहे. मला एका दुकानात खोक्यासकट हुबेहूब नकली प्लग मिळाले होते. ओळखायला खोकं बघू नका, प्लग बघा. चिनीमातीवरची छपाई नखाने खरवडली तर निघता कामा नये. आटे गुळगुळीत हवेत. मधलं टोक बरोबर मध्यात आणि वरचा वाकडा दांडा त्याच्या थेट समोर हवा. आणि बुडाशी जो वॉशर असतो तो खऱ्या प्लगवर आट्यांत अडकवलेला असतो, फिरतो पण सहज निसटत नाही. नकलीचा हातात येतो.

पुण्याला जात असाल तर नाना पेठेत कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या आणि पक्कं बिल मागा. बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बघितला तरी अर्धं कळतं.

म्हापशेकार
बसवताना गॅप, म्हणजे मधलं टोक आणि वाकडा दांडा यांतलं अंतर, तपासा. कार्बोरेटरवाल्या ८०० ला ०.७ ते ०.८ मिलिमीटर. नंबराच्या शेवटी '-११' असेल तर तो १.१ मिलिमीटर गॅपचा, पुढच्या काळातल्या इंजिनांसाठी. तो तुमच्या पॉइंटवाल्या कॉइलला जड जाईल.

लुनाटिक
आम्ही गॅप बसच्या तिकिटाने मोजायचो. तिकिट आत गेलं पाहिजे आणि जरा धरलं पाहिजे.

भाऊ_मिस्त्री
@लुनाटिक, हल्ली बसमध्ये मशीनचं तिकिट मिळतं, त्याने मोजलंत तर प्लग शॉर्टच होईल. फिलर गेज घ्या.

माणदेशी साहेब, प्लग आधी नुसत्या हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरवत न्या. हाताने जात नसेल तर वाकडा लागलाय, काढून परत लावा. टेकला की पान्याने नव्या प्लगला अर्धा ते पाऊण फेरा, बस. तोच प्लग काढून पुन्हा लावाल तेव्हा वॉशर दबलेला असतो, मग नुसता किंचित आवळायचा. टॉमीला (पाना फिरवायच्या दांड्याला) पाइप घालून जोर लावणाऱ्या पोरांना मी गॅरेजमध्ये बाजूला उभं करतो. आटे गेले की हेड उतरवायचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट.

पॉइंटही बघून घ्या. खड्डे-उंचवटे पडले असतील तर बदला, गॅप ०.४ ते ०.५. कंडेन्सर पॉइंटबरोबरच बदलायचा.

माणदेशी_८००
घेतलं : साधे बीपीआर५ईएस तीन, कार्बन गाभ्याच्या सिलिकॉन वायरींचा सेट (निळा, लाल नाही), डेल्को कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर. सगळं मिळून तीन इरिडियमच्या आसपासच बिल झालं. एकेक करून बसवलं. दुकानदाराने सहा नंबर पुन्हा पुढे केला होता. घाटरस्ता यांचा प्रतिसाद मोबाइलवर उघडून दाखवला, तो म्हणाला हे कोण इंजिनिअर आहेत.

काल पावसातच खंबाटकी चढलो. तिसऱ्यात, गाडीत चौघं. एकही झटका नाही.

एकच उरलंय. सकाळी गार असताना एकदम अ‍ॅक्सिलेटर दिला की क्षणभर गाडी 'हं' करून दबते, मग उचलते. तापली की नाही होत. हे पण प्लगचंच का?

घाटरस्ता
@माणदेशी, दुकानदाराला सांगा, बँकेत आहे.

ओहमचा_नियम
प्लगचं वाटत नाही. डेल्कोला बाजूला थाळीसारखा गोल डबा आहे ना, त्याला कार्बोरेटरकडून एक बारीक रबरी नळी येते. ती कार्बोरेटरच्या टोकाकडून काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली तर आतला पडदा शाबूत. हवा येत राहिली तर व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (स्पार्कची वेळ पुढे सरकवणारा तो डबा) गेलाय किंवा नळी चिरली आहे.

भाऊ_मिस्त्री
ते तपासाच, पण फक्त गार असताना होतंय म्हणजे माझा संशय कार्बोरेटरच्या अ‍ॅक्सिलेटर पंपावर. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून आत बघत अ‍ॅक्सिलेटर हाताने ओढा. पेट्रोलची ताबडतोब बारीक पिचकारी उडाली पाहिजे. उशिरा किंवा थेंब थेंब येत असेल तर पंपाचा पडदा कडक झालाय. जुन्या पडद्यांना हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल मानवत नाही. किट मिळतं.

माणदेशी_८००
पडदा शाबूत आहे, जीभ चिकटून राहिली. पिचकारी थेंब थेंब येतेय.

भाऊ_मिस्त्री
मग किट आणा. पंपाची स्प्रिंग उडून हरवते, खाली पांढरं फडकं पसरून उघडा. आणि कार्बोरेटरचा नवीन धागा काढा, इथे नाना परत 'विकून टाका' म्हणतील.

निवांत_नाना
किती मागताय?